दुसऱ्यातून तिसऱ्यात

परभणीत चार गॅरेजं झाली.
चौघांचं एकच : बाई, ऑटोमॅटिक काढून टाका,
साधा गिअर बसवून देतो, क्लचसकट.
मी डाव्या पायाचं कॅलिपर पुढं केलं.
एकजण म्हणाला, मग विकून टाका.

गंगाखेड रोडला, सरकीच्या मिलमागं,
युनूसमिस्त्रीनं आधी बॉनेट उघडलंच नाही.
शेजारी बसला. रेडिओ बंद केला, एसी बंद केला.
"चलाव. जैसा रोज चलाते, वैसाच."

पहिला. दुसरा. मग ते झालंच :
इंजिन एकटंच ओरडत वर गेलं, गाडी मागं राहिली,
आणि धाडकन तिसरा,
पाठीत कुणी गुद्दा घातल्यासारखा.
सकाळी पण होतं? नाही. तापल्यावर? हो.
कधीपासून?
दिवाळीपासून, म्हणाले. मग आठवलं,
त्याआधी मानवतला ॲक्सिलरेटरची वायर बदललेली.
तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

इंजिन चालू ठेवून त्यानं तेलाची पट्टी ओढली,
थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला.
रंग वाळल्या डाळिंबाच्या सालीचा.
"जळका वास नाही. म्हणजे प्लेटा जिवंत आहेत."
अठ्ठ्याहत्तर साली, ताप उतरल्यावर,
माझ्या पायाबद्दल असं कुणी म्हणालं नव्हतं.

सोपाननं बॅटरी धरली, डास मारत.
थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडं जाणारी एक बारीक केबल,
करंगळीभर ढिली.
"पाय किती दाबला, त्याची खबर खाली पोचतच नव्हती.
गिअरबॉक्स बिचारा अंदाजानं चालवत होता."
मी काही बोलले नाही.
दहाचा पाना. दोन आटे. थोडं मागं. पुन्हा अर्धा.

शंभर रुपये घेतले.
तेल पुढच्या महिन्यात बदला म्हणाला, पण निम्मंच;
जुनं यंत्र एकदम नव्यानं बावचळतं.

पुन्हा त्याच रस्त्यानं, कापसाच्या ट्रॅक्टरला ओलांडून.
"तिसरा कुठं पडला?" त्यानं विचारलं.
मला सांगता आलं नाही.
"बस. झालं मग."
आणि उतरून तो चहाकडं वळला.

घरी येताना रेल्वेचं फाटक बंद.
इंजिन तापत राहिलं, मी काट्याकडं बघत राहिले.
मालगाडीचे डबे मोजले, चाळीसच्या पुढं चुकले.
फाटक उघडलं.
पहिला.
दुसरा.