दुसरा शनिवार

केपेच्या बाजारात, पोदेराच्या भट्टीवरच्या खोलीत
आम्ही जमतो. दुसऱ्या शनिवारी, साडेतीनला, म्हणजे चारला.
फरशी पायांखाली कोमट असते.
खुर्च्या बारा. माणसं कधी सात, कधी पाच,
एकदा तर मी आणि डॉक्टर ओलाव रेबेलो, दोघंच.
तरी त्यांनी हजेरीची वही काढली,
दोन सह्या घेतल्या, आणि म्हणाले, कोरम झाला.

सांगे, कुडचडे, काणकोण, केपे :
नकाशावर बोटभर अंतरं.
बाळ निळं पडायला लागलं की
तोच नकाशा
खाणीच्या ट्रकांनी उखडलेला निघतो.

त्या शनिवारी केस माझी होती.
कागद आणला होता. वय एकोणीस दिवस.
वजन दोन किलो शंभर.
वेळ, औषध, मात्रा, पुन्हा वेळ.
सगळं बरोबर होतं, आणि मला ते वाचवेना.
(हा शब्दही कसा, दोन्ही धारांनी कापतो.)

मग कागद उलटा ठेवून सांगितलं.
चांदरला रेल्वेचं फाटक बंद होतं.
कोळशाची मालगाडी, अंधारात, सावकाश.
हातांनी पिशवी दाबत होते, हात मोकळे नव्हते,
डोळे होते. डबे मोजले.
अठ्ठेचाळीस.
फाटक उघडलं तेव्हा घाई उरली नव्हती.
ड्रायव्हरला हे कळलं नाही, तो भरधाव सुटला,
आणि मीही त्याला मडगावपर्यंत सांगितलं नाही.

तुझी चूक नव्हती, असं कुणीच म्हणालं नाही.
बरं झालं.
शांबा प्रभुदेसाई, ज्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असतं,
टेबलावर सांडलेलं पीठ नखानं खरवडत राहिले.
रेबेलोंनी चष्मा काढला.
"पारोडा," म्हणाले. "त्र्याऐंशी साल. होडीत.
मुलीचं नाव आनासिता."
पुढं काही नाही. चष्मा पुसून परत घातला.

नंतर कामाचं बोलणं.
गाड्यांच्या वेळा कोण आणणार, स्टेशनवर कुणाची ओळख.
कुडचड्याला एक जादा सिलिंडर,
किल्ली औषधवाल्या झुजेकडे, तो रात्री दार उघडतो,
शिव्या देतो, पण उघडतो.
क्लारिसानं रात्रपाळीच्या तक्त्यात
माझे मंगळवार खोडून स्वतःचं नाव लिहिलं, न विचारता.
मी चिडले. चहा न घेता निघाले.
घरी जाऊन नऊ तास झोपले.

महिन्याभरानं ती आई आली, सुकांती वेळीप,
थोरल्याला कडेवर घेऊन. गोवराची लस राहिली होती.
तो रडला तेव्हा तिनं त्याला घट्ट धरलं,
आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "जेवलें गो, दोतोर?"
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

काल रात्री पावणेतीनला फोन.
काणकोणचा नवा मुलगा, रॉयस्टन, नोकरीला पाच आठवडे.
"मॅडम, झोपला होता?"
नाही रे, म्हटलं, पापड लाटत होते. सांग.
आवाज फाटलेला. मागं एक बाई देवाला हाका मारतेय.
छाती आत ओढतंय का? दूध ओढतंय? श्वास किती?
"मोजले. पण प्रत्येक वेळी वेगळेच येतात."

घड्याळ समोर धर. पूर्ण एक मिनिट.
मोठ्यानं मोज, मी आहे.

मला बाळ दिसत नव्हतं.
तरी त्याच्या आवाजाबरोबर मोजत गेले,
अंथरुणात बसून, पाय थंड फरशीवर,
तीस, एकतीस,
त्याचा आवाज हळूहळू सपाट होत गेला,
चाळीस,
सत्तेचाळीस,
अठ्ठेचाळीसला माझा घसा बसला.

तो थांबला नाही.
एकोणपन्नास, म्हणाला. पन्नास.