पंप क्रमांक चार, सोहार

शमाल सुटला की पंप चारचा मीटर मुका होतो.
ही तिसरी चिप. हमूदने ती टेबलावर ठेवली
खजुराची बी ठेवावी तशी,
काही न बोलता.

बाहेर चारशे मीटर केबलला वाळू घासते आहे.
मग कुठूनसा एक झटका,
पापणी लवायच्या लाखाव्या हिश्श्यात.

रात्रीचे साडेदहा. डेटाशीटचं सातवं पान.
पाच व्होल्टचा डायोड चालणार नाही,
ही लाइन उणे सात ते अधिक बारा अशी सहज डुलते;
तिच्या रोजच्या डुलण्यालाच तो चोर समजेल.
चोवीसचा घ्यावा, तर त्याला जाग येईपर्यंत
चिप गेलेली.

"फार लठ्ठ नको," शिहाब चहा ओतत म्हणतो,
"पहारेकऱ्यानेच दार अडवलं, तर पोरं ये-जा कशी करणार?"
कपॅसिटन्सबद्दल बोलतोय तो.
आमची लाइन संथ आहे, थोडा लठ्ठ चालेल.

बसवायचा अगदी कनेक्टरच्या उंबऱ्यात,
ग्राउंडची वाट आखूड.
वाट लांबली
की झटका आधी घर हिंडून येतो.

पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
मेला, तर बहुधा शॉर्ट होऊन मरतो.
म्हणजे मीटर तेव्हाही मुकाच.
पण चिप शाबूत,
आणि हमूदच्या हातात शंभर बैसांचा तुकडा.

ऑर्डरमध्ये पन्नास लिहिले. खोडून साठ केले.
दिवा मालवून निघाले,
तर दाराच्या मुठीचा चटका
थेट बोटाला.