अंग चोरणे

कॉव्हेंट्रीच्या इस्पितळातली एक खोली.
खिडकीबाहेर कार पार्क, टेबलावर
टिश्यूंचा खोका, अजून न फोडलेला.
शालन मोहिते, वय त्रेचाळीस. समोर मिस प्रिचर्ड.
मधे मी, तासाच्या बोलीवर
दोघींची जीभ.

नवरा आणि दीर बाहेर बसलेत.
दिराला हवीय हिची डावी किडनी.
रक्त जुळलं, पेशी जुळल्या,
आता फक्त हिचं मन तपासायचं,
तसा कायदा आहे इथे.

‘तुमच्यावर कुणाचा दबाव?’
शालन हसली. ‘छे हो,
कुणी चकार शब्द काढला नाही.
फक्त दिवाळीपासून
माझ्या भातावर तुपाची धार जरा जास्त पडते.
सासूबाई जड पिशवी उचलू देत नाहीत.
जाऊ माझ्याआधी जेवत नाही.’

तुपाचं मी घाईत बटर केलं.
मिस प्रिचर्डनं लिहून घेतलं, बटर.

‘आणि नाही म्हटलं,
तर म्हणतील, अंग चोरते.’

इथे मी अडले.
कामचुकारला इंग्रजीत चार शब्द आहेत,
त्यातला एकही तिनं उच्चारलेला नव्हता.
शेवटी शब्दावर शब्द ठेवला:
म्हणतील, हिनं शरीर चोरलं.
मिस प्रिचर्डचं पेन थांबलं.
‘कुणाचं?’

तेवढंच मी मराठीत आणलं.
शालन बराच वेळ
कोपराच्या खळगीतल्या कापसाकडे बघत राहिली.

‘हवं तर बाहेर एवढंच सांगू,
की जमत नाही. कारण विचारता येत नाही कुणाला.’

‘खोटं नको.
जुळतेय ती. आणि माझी आहे.
मला आधी एकदा नाही म्हणून बघू द्या,
हो म्हणायचं का ते मग.’

आणि म्हणाली. नाही.
मग जरा मोठ्यानं. नाही.
तोंडात आवळा घोळवावा तसं
तिसऱ्यांदा, सावकाश.
मी भाषांतर केलं नाही.
कुणी मागितलंही नाही.

पुढची तारीख मंगळवारची.

बाहेर दीर उठून उभा राहिला,
फेब्रुवारीत चपला, सुजल्या पायांना बूट होत नाहीत म्हणून.
भला माणूस. काही विचारलं नाही,
फक्त आपली खुर्ची तिला दिली.
नवऱ्यानं मला गाठलं, ‘काय म्हणाली?’
‘मला सांगता येत नाही,’ मी म्हटलं,
आणि तेवढं खरं होतं.

परतीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती.
तरी मी अंग चोरूनच बसले होते,
हे ध्यानात आलं तेव्हा
माझा स्टॉप मागे पडला होता.