पट अकरा

होळीच्या आधीच शाळा सकाळची झाली.
पावणेसातला मी कुलूप काढतो. खाडीवर धुकं असतं.
मोडीत गेलेल्या होडीचा पितळी पंखा
उंडीच्या फांदीला टांगलाय, तो दगडानं वाजवतो.
ही आमची घंटा. पलीकडच्या तीरावर आधी ऐकू जाते,
वाडीत नंतर.

अकरा मुलं, चार इयत्ता, एक खोली.
दुसऱ्या खोलीचं छप्पर मागच्या वादळात
समुद्राकडे निघून गेलं,
त्याचा प्रस्ताव तालुक्याकडे.

विघ्नेश कोयंडे साडेसातला येतो,
कोपरापर्यंत तारलीचे खवले.
रापण ओढली की पोरांनाही वाटा मिळतो.
मी काही विचारत नाही. फळ्यावर तारीख लिहितो,
सकाळच्या दमट हवेत खडू ओढत नाही, नुसता घासतो.

शिमग्यात तीन दिवस वर्गात कोणीच नव्हतं.
पालखीमागे जाऊन मोजून आलो: अकरा.
हजेरीत सगळे हजर मांडले.
हे कुठल्या परिपत्रकात बसतं, मला ठाऊक नाही.

गणित घातलं: एका पेटीत पाच डझन,
तर सात पेट्यांत आंबे किती?
अफीफाने पेन्सिल खाली ठेवली,
"गुरुजी, त्येतले डागी किती?"
पुस्तकात डागी नव्हते.
मी म्हटलं, धर नऊ. मग सगळ्यांनीच नऊ धरले.

एप्रिलमध्ये वह्यांवर बोंडूचे डाग पडतात.
ते जात नाहीत; मीही आता लाल शेरा मारत नाही.
सुलभाकाकी खिचडीत कोकम टाकतात,
माहितीच्या रकान्यात कोकम नाही,
म्हणून मी ते भरत नाही.

बदलीचं पोर्टल उघडलंय. रेंज फक्त
मसणवटीच्या वरच्या सड्यावर.
कातळ तापलेला, चप्पल चिकटते,
लातूर जिल्हा, पसंती क्रमांक एक, दोन, तीन…
ओटीपी आला तेव्हा त्याची वेळ संपली होती.
परत टाकला. परत आला.
खाली शाळेचं कौल दिसत होतं आणि पाणी, नको तेवढं.
आठ वर्षांत गुडघ्याच्या वर मी पाण्यात गेलो नाही.

परिसर अभ्यासाच्या तासाला
विघ्नेशनेच विचारलं होतं,
"तुमच्या गावाक दर्या नाय?
मगे तुमचो गाव संपता खंय?"
मी खिडकीकडे बघत राहिलो.
म्हणालो, आधी पान चव्वेचाळीस काढा.

एक मेला झेंडा झाला, निकाल वाटले.
चौथीचे चौघे जूनपासून तरीनं पलीकडच्या शाळेत.
अंगणवाडीतून एकच येणार.
अकरातून चार वजा, अधिक एक.
हे उत्तर मी फळ्यावर काढलं नाही.
शाईचा शिक्का पेटीत ठेवला,
पंखा उतरवून आत घेतला, तो चोरीला जातो.
अफीफाच्या आईनं कागदात बांधून सुकट दिली,
रात्रभर गाडीत शेजारचा माणूस
नाकाला रुमाल लावून बसला.

आता गावी आहे. ऊन मरतं तेव्हा
शेताकडे निघतो. आमचा बांध येतो,
पुढे सोपानकाकांचा, पुढे आणखी कुणाचा,
मग नांगरलेलं काळं रान, त्यापुढे तसंच.
चालत राहिलो.
मागून कुणीतरी हाक दिली,
"मास्तर, काय हरवलंय का?"