खिडकीकडचा गाल

निबाल्दो कार्वाहाल टोपी काढत नाही.
खुर्चीतही तिरका बसतो,
पंपावर पाय मोकळे करायला उतरल्यासारखा, तेवढ्यापुरता.
टोपी काढा, मी म्हणते, मलम लावायचंय,
चेहरा बधिर व्हायला चाळीस मिनिटं लागतात.
चाळीस मिनिटांत, तो म्हणतो,
माझा ट्रक मेहियोनेसच्या फाट्याला लागायचा.

उजवा गाल पन्नाशीचा.
डाव्यानं सत्तरी कधीच ओलांडलेली,
मानेवर चौकट्या, मिठागर वाळल्यावर पडतात तशा.
एकतीस वर्षं अंतोफागास्ता ते अरिका, आणि परत.
जाताना खिडकीत समुद्र, येताना वाळवंट,
ऊन दोन्हीकडून तेच.

मग आत्ताच का आलात?
घरात लग्न नाही, कार्य नाही, काही नाही.
बायको, नोल्फा, मुलं हाताबाहेर गेल्यावर
ट्रकमध्ये शेजारी बसायला लागली. उजवीकडे.
बारा वर्षं तिनं त्याचा एकच गाल पाहिला.
अंधारात झोपताना कोण बघतं?
आता निवृत्ती, आणि टेबलाशी समोरासमोर.
परवा चमचा खाली ठेवून म्हणाली,
हा डावीकडचा म्हातारा कुठून आणलास घरी?
हसत म्हणाली.
तो सांगतानाही हसला, उजव्या बाजूनं.

बारा सुया, दीड मिलिमीटर.
यंत्राचा आवाज म्हणाल तर काचेत कोंडलेल्या माशीचा.
शिकत होते तेव्हा माझाच विश्वास बसेना,
की बरं करायला आधी टोचायचं,
कातडीला खोटंच सांगायचं, घात झाला, धाव,
आणि ती बिचारी धावते
गारा घेऊन, थापी घेऊन,
नव्या भोकांसकट जुनी पडझडही लिंपत सुटते.
काट्यानं काटा काढतात म्हणे.
इथं काटा कुठाय? नुसतं ऊन रुतलंय आत,
ते कुठल्या चिमट्यात धरायचं?

डोळ्याच्या कोपऱ्याशी आले की तो बोलायला लागतो,
बोलू नका म्हटलं तरी.
पाताचेच्या कड्यावर धुकं पकडायच्या जाळ्या आहेत,
समुद्रावरून धुकं येतं, भोकाभोकाशी अडतं, थेंब होतं.
पाऊस नाही तिथं. माणसं भोकांवर जगतात, बाई.
मी सीरम सोडते. गाल पितो.
मग आरसा.
लाल ठिपकेच ठिपके,
रात्री वरच्या वळणावरून इकीके दिसतं तसं, तो म्हणतो,
सगळे दिवे चालू.
एका ठिपक्याकडे बोट नेतो. मी मनगट धरते, हात नाही लावायचा.
हा रामिरो, तो म्हणतो,
तोकोपियाच्या पुढच्या वळणावर टीचभर देऊळ आहे त्याचं,
येताना डाव्या हाताला. हॉर्न द्यायचो.
मी कापूस फिरवते.
ठिपका पुसतो, पुन्हा येतो.

तिसऱ्या खेपेला नोल्फा आली.
खोलीत स्टूल एकच, तेही डावीकडे.
जरा वेळ उभी राहिली, मग बसली, पर्स मांडीवर.
किती फरक पडेल?
थोडा, मी म्हटलं.
खोटं कातडीशी बोलते तेवढं पुरे.
ती वाकून बघत राहिली,
शेजारी नवं बिऱ्हाड आल्यावर बघावं तशी.
मग सावकाश होऊ द्या, म्हणाली,
आत्ता कुठं ओळख होतेय.

तीन दिवस ऊन नको, मी बजावते,
या गावात, जिथं ऊन घरभाड्यात धरलेलं असतं.
दोघं जिना उतरतात. खाली चपलांचं दुकान, पुढं बसथांबा.
साडेचार वाजलेत, सूर्य समुद्राच्या अंगाला.
खिडकीतून दिसतं,
सवयीनं ती उजवीकडून चालायला लागते,
दहाएक पावलं. थांबते.
त्याच्या मागून वळसा घेऊन डावीकडे येते,
पर्स उंच धरते.
बुटकी आहे.
सावली कशीबशी त्याच्या खांद्यापर्यंत पोचते.