चोचींचा हिशेब

पहाटे सहाला डोंगराच्या पाठीवर
आम्ही अठ्ठेचाळीस जण,
एकेकाच्या वाट्याला एकेक खुंटी.
माझी सदतिसावी, ढगाच्या आत.
अडतिसावीवर हर्मिनिउ, पाववाला.
दिसत नाही. खोकला तेवढा ऐकू येतो.

घड्याळं काल रात्री शाळेत जुळवून घेतली.
सातच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम कान द्यायचे,
म्हणजे एकच पाखरू दोघांच्या वहीत जाणार नाही,
आणि कमी असताना पुष्कळ आहेत म्हणून
कुणी स्वतःची समजूत काढणार नाही.

प्रिओलु त्याचं नाव.
पाहण्यासारखं काही नाही हो त्याच्यात.
डोक्यावर काळी टोपी, राखेच्या रंगाचं पोट,
अडकित्त्यासारखी आखूड चोच.
नर काय, मादी काय, नटायची हौस कुणालाच नाही.
जगात दुसरीकडे कुठे राहत नाही,
या बेटावरसुद्धा फक्त पूर्वेच्या या कोपऱ्यात,
जिथे पाहुणे गाडीची काच खाली करतात,
धुकं बघतात आणि परत फिरतात.

माझ्या खापरपणजोबांची संत्र्यांची बाग होती.
संत्री पेट्यांत बसून लंडनला जायची,
आणि त्याआधी हे पाखरू येऊन
कळ्या खुडून जायचं.
मग दर ठरला : चोच आणा, पैसे न्या.
ती वही आईने पिठाच्या डब्यामागे ठेवली होती.
मार्च, एकोणीस चोची.
एप्रिल, तेहेतीस.
एका ओळीपुढे नुसतं : ‘लिनूला बूट’.
मी कितीदा भागाकार करून पाहिला,
एका बुटाला चोची किती.
लिनू म्हणजे माझ्या आजीचा बाप.
तो अनवाणी शाळेत गेला नाही, हेही खरं.

पुढे संत्र्यांना रोग लागला. बागा गेल्या.
मग कुणा हौशी माणसाने अंगणासाठी
सोनटक्का आणला, दूरच्या हिमालयातला, पिवळा.
तो अंगणात राहिला नाही.
ओढ्यातून, वाटेवरून, पक्ष्यांच्या पोटातून
डोंगर चढत गेला, आणि त्याच्या सावलीत
आमच्या मूळच्या झाडांची रोपं
उगवायचीच थांबली.

नऊ वर्षं मी तोच खणते आहे.
आल्यासारख्या गाठी, एकीत एक अडकलेल्या,
अंगठ्याएवढी राहिली तरी पुन्हा झाड.
ऑगस्टमध्ये वासाने डोकं गरगरतं.
माझ्या लग्नात चर्चच्या पायऱ्यांवर
हीच फुलं अंथरली होती.
नवऱ्याला मी हे बोलून दाखवत नाही,
रोजची मजुरी मोजून घेते.

थंडीत रोपवाटिकेत अझेव्हीन्युचं बी पेरायचं.
याच्या कळ्या त्याला वसंतात लागतात.
दोन वर्षं कुंडीत काही म्हणजे काही दिसत नाही.
नवीन पोरी विचारतात, देओलिंदा, मेलं का गं हे?
मी म्हणते, माती ओली ठेव.
त्यापलीकडे मलाही काही ठाऊक नाही.

सात.

ढग हलला. नेच्याचं एक पान वाकलं
आणि सरळ झालं नाही.
त्यावर कुणीतरी बसलं होतं.
आधी शीळ आली, अगदी हळू,
रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तशी.
मग टोपी. मग ती चोच.
वहीतल्या तेहेतिसांसारखीच असणार.
हर्मिनिउ, देवाशपथ, आता खोकू नकोस.

त्याने माझ्याकडे पाहिलं,
नेच्याकडे पाहिलं,
आणि नेचा जास्त कामाचा ठरवून
खाली मान घालून खात बसलं.

पेन्सिल काढली. बोटं आखडली होती.
खुंटी सदतीस, जून, एक.
अक्षर वाकडं आलं, अगदी त्या वहीतल्यासारखं.
इतकी वर्षं मला वाटायचं,
त्यांना लिहिताना लाज वाटली असेल.
थंडीही असेल.