निळी ज्वारी

ग्रेंजरच्या पूर्वेला, रुळांपलीकडं, टेक्ससची जमीन काळी आहे.
उन्हात भेगाळते, पावसात बूट धरून ठेवते.
पहिल्या दिवशी मी वाकून तिचा वास घेतला
तेव्हा ड्वेन कुबालाला वाटलं, बाईंची अंगठी पडली.

मक्याला तुरा यायला अजून आठवडाभर आहे.
आम्ही पोती फोडतो.
आत ज्वारी. निळ्या रंगात घोळलेली,
भाजून मारलेली, कधीच न उगवणारी.
एकरी दहा पौंड.
"मेलेलं बी पेरायला पैसे मोजतोय," ड्वेन म्हणतो,
"आजोबाच्या कबरीवरून जाताना हल्ली मान खाली घालतो."

दाण्याच्या अंगावर बुरशी निजली आहे.
तिला चार रात्रींचं दव पुरतं.
मग ती उठते, हिरवी पूड होते,
वाऱ्यावर बसून कणसांच्या केसांपर्यंत जाते.

तिची बहीण आधीपासून इथलीच.
उन्हाच्या झळांत मका तहानला
की ती दाण्यात शिरते आणि विष करते.
दोघी काचेच्या बशीत शेजारी ठेवल्या
तर मला, वीस वर्षं हेच करणारीला, ओळखता येत नाहीत.
तोच हिरवा, तीच लव.
फक्त एकीच्या आत कुठंतरी
एक ओळ खोडली गेलीय;
विष करायचं ती विसरली आहे.

"मग ही तिला मारते?"
नाही. आधी जाऊन बसते, एवढंच.
मी त्याला एसटी सांगते: लातूरचा स्टँड,
गाडी थांबायच्या आत खिडकीतून टाकलेला रुमाल,
आणि त्या रुमालाचा सगळ्यांनी राखलेला मान.
त्याला एसटी कळत नाही.
बराच वेळ पोत्याची दोरी बोटाला गुंडाळत राहतो.
"म्हणजे एडना आत्या," तो म्हणतो,
"रविवारच्या पोल्काला हॉलवर पहिली,
पंख्याखालच्या टेबलावर पर्स.
शेरिफसुद्धा ती पर्स हलवत नसे."
हां. तीच.

दोन वर्षांमागं अब्जात एकशे ऐंशी भरलं होतं.
वीसच्या वर धान्याच्या कोठारात घेत नाहीत.
ट्रक परत आला, ढीग शेडमागं पडला,
आणि रूडी, त्याचा म्हातारा कुत्रा, तिथं तोंड घालायचा.
काही दिवसांत डोळे हळदीसारखे झाले.
हे ड्वेननं सांगितलं नाही.
त्याच्या बायकोनं सांगितलं, रिकामी पोती मोजता मोजता.

आज ऑगस्ट. खोलीत अंधार करून
भरडलेल्या मक्यावर मी जांभळा दिवा धरते.
चमकले. इथं एक, तिथं तीन,
काजव्यांसारखे, हिरवट पिवळे.
ड्वेनचा श्वास मला ऐकू येतो.
"थांब," मी म्हणते, "विसरलेलीही चमकते.
दिव्याला दोघींतला फरक कळत नाही."
पट्टी भिजवून पाच मिनिटं थांबायचं असतं.
पाच मिनिटांत त्यानं तीनदा टोपी काढली, घातली.

चार.
अब्जात चार.

तो हसला नाही. "पुढच्या वर्षी पुन्हा?"
पुन्हा. जमीन काही लक्षात ठेवेल
याचा भरवसा नाही.

परतताना डॅशबोर्डच्या फटीत
मे महिन्यातला एक निळा दाणा दिसला.
नखानं काढला, तोंडापर्यंत नेला,
लहानपणचा हात तो, ज्वारी दिसली की दाताखाली.
मग काच खाली केली
आणि कुणाच्या तरी शेताकडं भिरकावला,
ज्यानं पैसे भरलेले नाहीत.